पंतप्रधानच ठरवतात, मग मंत्रिमंडळ कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवता. पुस्तकात आहे की पंतप्रधान म्हणजे समान दर्जाच्या सहकाऱ्यांमधले पहिले, आणि मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बातम्यांत प्रत्येक निर्णय पंतप्रधानांचाच असतो, मग मंत्रिमंडळ नसलं तर काय बिघडेल?" तिला काय सांगावं, मंत्रिमंडळात मतदान होतं का, आणि एखाद्या मंत्र्याला निर्णय पटला नाही तर त्याने काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून लागले आणि सह सचिव म्हणून निवृत्त झाले. मधली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर दिल्लीत होते. या सगळ्या काळात माझ्याकडे जे काम सतत राहिलं ते मंत्रिमंडळासमोर जाणाऱ्या टिप्पण्या तयार करण्याचं. बैठकीच्या दालनात माझी जागा नव्हती. सचिव आत जायचे आणि मी बाहेर फाईल मांडीवर घेऊन बसायचे, काही आकडा लागला तर चिठ्ठी यायची. त्यामुळे आत कोण कोणाला काय म्हणालं हे मला माहीत नाही. कागद आत कसा जातो आणि कोणत्या रूपात बाहेर येतो, हे मात्र चांगलं माहीत आहे. माझ्या मते त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच प्रवासात आहे.

पंतप्रधान मोठे की मंत्रिमंडळ मोठं, असा वाद घातला तर तो कुठेच पोहोचत नाही. पंतप्रधान मोठेच असतात, आणि आपल्या व्यवस्थेने ते मोठेपण जाणूनबुजून दिलेलं आहे. विचारायचं असेल तर हे विचारावं: कागद मंत्र्यांच्या हातात निर्णय होण्याआधी आला की झाल्यानंतर? आधी आला असेल तर पंतप्रधान कितीही बलवान असोत, मंत्रिमंडळ जिवंत आहे. नंतर आला असेल तर बैठक झाली, फोटो निघाला, तरी मंत्रिमंडळाचं काम झालेलं नाही.

आता घटना. अनुच्छेद ७४ सांगतो की राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिपरिषद असेल. अनुच्छेद ७५ प्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात, इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते, आणि सगळी परिषद लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. मुलांचा एक घोटाळा इथेच होतो. मंत्रिपरिषद म्हणजे कॅबिनेट, राज्यमंत्री, उपमंत्री असे सगळे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने तिची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर अडवली, म्हणजे ५४३ च्या लोकसभेत ८१ आणि आपल्या २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३. मंत्रिमंडळ म्हणजे कॅबिनेट, ते त्यातलं आतलं, लहान मंडळ. खरी बैठक त्याची होते. आणि गंमत म्हणजे हा 'कॅबिनेट' शब्द मूळ घटनेत नव्हताच. तो १९७८ मध्ये आला, आणि का आला ही गोष्ट पुढे सांगते, कारण ती महत्त्वाची आहे.

रोजचं काम चालतं ते अनुच्छेद ७७ खाली केलेल्या नियमांवर. केंद्रात १९६१ चे कार्यवाटप नियम आणि कार्यपद्धती नियम आहेत. पहिले सांगतात कोणता विषय कोणत्या मंत्रालयाचा, दुसरे सांगतात कोणता विषय मंत्री एकटा निकालात काढू शकतो, कोणता मंत्रिमंडळाच्या समितीकडे जातो आणि कोणता पूर्ण मंत्रिमंडळापुढे गेलाच पाहिजे. राज्यात याच धर्तीवर कार्यनियमावली असते. शाळा-कॉलेजात अनुच्छेद शिकवले जातात आणि हे नियम राहून जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. सरकार खरं या नियमांवर चालतं.

आता एका टिप्पणीचा प्रवास बघा. समजा एखाद्या विभागाला नवी योजना आणायची आहे. कक्षात मसुदा तयार होतो. प्रस्ताव काय, आत्ताची स्थिती काय, पर्याय कोणते, खर्च किती, पदं किती लागतील, कायद्यात बदल लागेल का, हे सगळं त्यात. मग ती नस्ती, म्हणजे फाईल, इतर विभागांकडे अभिप्रायासाठी जाते. पैशाचा प्रश्न असेल तर वित्त विभाग, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभाग, पदांचा असेल तर सामान्य प्रशासन विभाग. वित्त विभाग बहुतेक वेळा हरकत घेतो आणि ते त्याचं कामच आहे. 'योजनेचा आवर्ती भार विचारात घेतलेला नाही', 'अशाच स्वरूपाची योजना अमुक विभागाकडे सुरू आहे', अशी वाक्यं मी शेकड्यांनी वाचली. ती टिप्पणीतून गाळायची नसतात. मूळ विभागाने त्यावर आपलं म्हणणं लिहायचं आणि दोन्ही बाजू मंत्रिमंडळापुढे ठेवायच्या. केंद्रातही हेच, फक्त मसुदा संबंधित मंत्रालयांना फिरवला जातो आणि शेवटी कॅबिनेट सचिवालय तो विषयपत्रिकेवर घेतं.

या खटाटोपाचा अर्थ असा की बैठकीच्या दिवशी प्रत्येक मंत्र्यापुढे संबंधित विभागांची मतं लिहून आलेली असतात. आरोग्यमंत्र्याला रस्त्यांतलं कळत नसेल, पण वित्त विभाग का अडला हे कागदावर दिसतं. ज्याला बोलायचं आहे त्याच्या हातात बोलायला काहीतरी असतं. मंत्रिमंडळाची ताकद मला कायम यातच दिसली. भाषणात आणि हात वर करण्यात ती नाही.

मतदानाचं उत्तर इथेच देऊन टाकते. मतं मोजून निर्णय करण्याची रीत आपल्याकडे नाही. चर्चा होते, आणि शेवटी पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री तिचा निष्कर्ष सांगतात. तो निष्कर्ष इतिवृत्तात जातो आणि तोच निर्णय ठरतो. ही फार मोठी शक्ती आहे हे मान्य केलं पाहिजे. दहा जण नाराजीने गप्प बसले आणि दोघांनी दुजोरा दिला, तरी 'मंत्रिमंडळाने मान्यता दिली' असंच लिहिलं जातं. पण उलटही घडतं. तीन ज्येष्ठ मंत्र्यांनी ठामपणे विरोध केला तर शहाणे मुख्यमंत्री निष्कर्ष सांगतच नाहीत, विषय पुढे ढकलतात. मी लिहिलेल्या कितीतरी टिप्पण्या अशा 'पुढील बैठकीत' गेल्या आणि परत आल्या तेव्हा सुधारलेल्या होत्या. एक तर इतकी बदलली की मूळ प्रस्तावातलं फक्त नाव उरलं, आणि ती योजना पुढे चांगली चालली.

मंत्रालयात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: ऐनवेळचा विषय. विषयपत्रिकेत नसलेला, बैठक सुरू असताना टेबलावर आलेला. आपत्ती आली, न्यायालयाची मुदत संपत आली, तर असा विषय आणावाच लागतो. पण सवय लागली की घात होतो. माझ्याच वाट्याला असा एक विषय आला होता. सकाळी फोन आला, दुपारच्या बैठकीसाठी टिप्पणी हवी. वित्त विभागाचे अभिप्राय घ्यायला वेळ नव्हता, म्हणून 'अभिप्राय स्वतंत्रपणे घेण्यात येतील' असं एक वाक्य घातलं गेलं. मंजुरी पाच मिनिटांत झाली. शासन निर्णय काढताना लक्षात आलं की लाभार्थ्यांची जी व्याख्या आम्ही केली होती, तीत दुसऱ्या एका योजनेचे हजारो लोक दुसऱ्यांदा येत होते. दुरुस्तीला ८ महिने गेले, आणि त्या काळात लोक कचेऱ्यांत हेलपाटे घालत राहिले. तो कागद चार दिवस आधी फिरला असता तर वित्त विभागातल्या एखाद्या अवर सचिवाने हे पहिल्या दिवशी पकडलं असतं. मंत्रिमंडळ नसलं तर काय बिघडेल, असं त्या मुलीने विचारलं आहे. तिला ही हेलपाटे घालणारी माणसं दाखवा.

आता थोडं मागे जाते, कारण हा वाद आपल्या देशात पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यात माणसं मोठी होती.

डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंनी आपल्या सचिवांना अजमेरला पाहणीसाठी पाठवलं. गृहखातं सरदार पटेलांकडे होतं. पटेलांना हा आपल्या खात्यातला हस्तक्षेप वाटला. दोघांनीही पंतप्रधानांच्या भूमिकेबद्दल आपापली टिपणं लिहून गांधीजींसमोर ठेवली. नेहरूंचं म्हणणं असं की पंतप्रधानाने नुसतं पद सांभाळायचं नसतं, सगळ्या कारभारात समन्वय राखायचा असेल तर त्याला हवं तेव्हा, हवं तिथे लक्ष घालता आलं पाहिजे. पटेलांचं म्हणणं असं की पंतप्रधान अग्रस्थानी आहेत, पण सहकाऱ्यांवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्यांना नाही, नाहीतर मंत्रिमंडळ आणि त्याची जबाबदारी यांना अर्थ उरणार नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि दोघांनी तो वाद बाजूला ठेवला. तो सुटला मात्र नाही. आजही तुमच्या वर्गात तोच प्रश्न विचारला गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९४८ ला, बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत पंतप्रधानांच्या बाजूने फार स्पष्ट युक्तिवाद केला. त्यांचा मुद्दा असा: सामूहिक जबाबदारी नुसती घटनेत लिहून येत नाही, ती अंमलात आणायला कुणीतरी लागतं. मंत्र्याची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याशिवाय होता कामा नये आणि पंतप्रधानांना नको असलेला मंत्री राहता कामा नये, तरच सगळे एका सुरात बोलतील. मंत्रिमंडळाच्या कमानीतला मधला, सगळ्यांना धरून ठेवणारा दगड म्हणजे पंतप्रधान, असं त्यांनी सांगितलं. हे शब्दशः खरं आहे. पंतप्रधान गेले की सगळं मंत्रिमंडळ जातं. २७ मे १९६४ ला नेहरू गेले, जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींचं ताश्कंदला निधन झालं, दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदांना पंतप्रधान म्हणून नव्याने शपथ घ्यावी लागली. साधा मंत्री गेला तर एक खुर्ची रिकामी होते, एवढंच.

आणि हेच बाबासाहेब १९५१ मध्ये राजीनामा देतात. हिंदू कोड बिल हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं कारण. पण त्यांच्या निवेदनात आणखी एक तक्रार होती, जी टिप्पण्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला फार जवळची वाटते. सगळे महत्त्वाचे निर्णय समित्यांत होतात, परराष्ट्र आणि संरक्षण यांच्या समित्यांवर आपल्याला घेतलेलं नाही, आणि मंत्रिमंडळ हे समित्यांनी आधीच केलेल्या निर्णयांची नोंद करणारं कार्यालय झालं आहे, असं ते म्हणाले. १९४८ चे आंबेडकर आणि १९५१ चे आंबेडकर यांत मला विसंगती दिसत नाही. पंतप्रधानांना सहकारी निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार द्या, हे पहिलं म्हणणं. पण निवडलेल्या सहकाऱ्यांना कागद दाखवा, हे दुसरं. दोन्ही एकत्र धरली तरच संसदीय सरकार होतं.

त्यांच्या आधी, १९५० मध्ये, अर्थमंत्री जॉन मथाई नियोजन आयोगाच्या प्रश्नावर बाहेर पडले होते. हा आयोग म्हणजे समांतर मंत्रिमंडळ होईल ही त्यांची भीती होती. मथाईंच्या जागी आले चिंतामणराव देशमुख, आणि सहा वर्षांनी त्याच खुर्चीवरून तेही जवळपास त्याच दुखण्यावर उठले.

देशमुखांची गोष्ट मराठी माणसाला मुंबईपुरती माहीत असते. महाडजवळच्या नाते गावचे, आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले खासदार. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवायची घोषणा झाली, गोळीबारात माणसं मेली, आणि देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटणंही रास्त आहे. पण जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यांनी जे निवेदन केलं, त्यातला एक भाग मुंबईच्या पलीकडचा होता. या निर्णयाचा विचार मंत्रिमंडळात झाला नाही, कागद फिरवूनही मतं घेतली नाहीत, ज्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे अशा सहकाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलणं झालं नाही, मंत्रिमंडळाच्या एखाद्या समितीच्या बैठकीची नोंद नाही, आणि निर्णयाचा अधिकृत मजकूरही मंत्र्यांना मिळालेला नाही, असं त्यांनी सांगितलं. नेहरूंनी हा आरोप मान्य केला नाही. पंतप्रधान हा पंतप्रधान असतो आणि सरकारचं धोरण मांडण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता.

मंत्रालयात जाताना मी रोज हुतात्मा चौकातून चालत जायचे. तिथे कित्येकदा मनात यायचं की देशमुखांच्या निवेदनाची ती यादी म्हणजे आमच्या कक्षात नव्याने आलेल्या सहायकाला शिकवतो तीच यादी आहे. विषय बैठकीत ठेवला का, फिरवला का, संबंधितांचे अभिप्राय घेतले का, नोंद आहे का, मजकूर अंतिम केला का. एवढ्या मोठ्या माणसाने, एवढ्या मोठ्या प्रश्नावर, राजीनामा देताना कार्यपद्धतीची पाच कलमं मोजली. त्यांना ठाऊक होतं की पद्धत मोडली की पुढचा अन्यायही त्याच वाटेने येतो. पुढे संसदेने ऑगस्ट १९५६ मध्ये केंद्रशासित मुंबईऐवजी मोठं द्विभाषिक राज्य स्वीकारलं, ते १ नोव्हेंबरला अस्तित्वात आलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मंत्रिमंडळात नीट चर्चा झाली असती तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. पण जो निर्णय काही महिन्यांत बदलावा लागला, त्याच्या हरकती आधी टेबलावर यायला हव्या होत्या असं मला मनापासून वाटतं.

आता 'कॅबिनेट' शब्द घटनेत कसा आला ते सांगते. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणी जाहीर करण्याचा सल्ला दिला. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. १९६१ च्या कार्यपद्धती नियमांत १२ वा नियम आहे: पंतप्रधान कोणत्याही प्रकरणात या नियमांपासून फारकत घेण्याची परवानगी देऊ शकतात किंवा घेतलेली फारकत मान्य करू शकतात. राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात त्याच नियमाचा आधार होता. मंत्र्यांना २६ तारखेच्या पहाटे बोलावून सांगितलं गेलं. कागद नंतर आला, आणि या वेळी त्याची किंमत तुरुंगात गेलेल्या माणसांनी चुकवली.

म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये लिहिलं गेलं की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणीची उद्घोषणा काढणार नाहीत. घटनेत कॅबिनेटचं नाव यायला इतकं मोठं कारण लागलं. मुलांना 'लेखी' या शब्दाकडे बोट दाखवून सांगा.

ही अट आणीबाणीला लागली. राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ ला लागली नाही, आणि नियम १२ जसाच्या तसा राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. १२ नोव्हेंबरला लागलेली राष्ट्रपती राजवट ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. राजवट उठवताना मंत्रिमंडळाची आधी बैठक झाली नव्हती, नियम १२ वापरला गेला आणि मंजुरी नंतर घेतली गेली. नियमाच्या भाषेत हे बसतं. पण त्या नियमाचा हेतू, मी जसा समजते तसा, वेळ अजिबात नसेल तेव्हाचा आहे. तो जितका कमी वापरला जाईल तितकं बरं, मग सरकार कुणाचंही असो. ते सरकार २६ नोव्हेंबरला राजीनाम्याने संपलं.

इथवरचं थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंतप्रधानांकडे चार किल्ल्या आहेत: मंत्री निवडणं-काढणं, खाती वाटणं, विषयपत्रिका आणि समित्या ठरवणं, चर्चेचा निष्कर्ष सांगणं. मंत्रिमंडळाकडे एकच आहे: निर्णयाआधी सगळ्या खात्यांच्या हरकतींसकट कागद पाहण्याचा हक्क.

चार किल्ल्यांपैकी खातेवाटप किती धारदार असतं ते १९६९ ला दिसलं. १६ जुलैला इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं, त्यांनी राजीनामा दिला, आणि १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. मधले तीन दिवस. पंतप्रधानांचं कार्यालयही हळूहळू वाढत गेलं. शास्त्रींनी १९६४ मध्ये एल. के. झा यांना सचिव नेमून त्याला वजन आणलं, पुढे इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांच्या काळात ते आणखी वाढलं. हे वाढणं वाईटच असं मी म्हणणार नाही. सात मंत्रालयांत अडकलेली फाईल मी दिल्लीत तिथून आलेल्या एका फोनवर सुटलेली पाहिली आहे. पण तो फोन मंत्रालयाचं मत लिहून झाल्यावर आला होता. मत लिहिण्याआधीच असा फोन आला तर खालचा अधिकारी हरकत लिहायला धजत नाही, आणि मग मंत्रिमंडळापुढे येणारा कागद एका सुराचा होतो.

परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, हेही खरं. एका पक्षाचं ठाम बहुमत असेल आणि मतं पंतप्रधानांच्या नावावर मिळाली असतील, तर मंत्री आपोआप मवाळ होतात. आघाडी असेल तर चित्र बदलतं. महाराष्ट्रात १९९५ पासून बहुतेक काळ आघाड्या किंवा युत्याच पाहिल्या. मित्रपक्षाच्या मंत्र्याला काढण्याचा सल्ला मुख्यमंत्री कागदावर देऊ शकतात, प्रत्यक्षात त्या पक्षाच्या नेत्याला विचारल्याशिवाय देत नाहीत. अशा वेळी मंत्रिमंडळात वाद खुले होतात, पण खरा सौदा कधीकधी बैठकीबाहेर समन्वय समितीत होतो. केंद्रात आघाडीच्या काळात मंत्रिगट, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेले काही मंत्र्यांचे गट, खूप वाढले होते. मे २०१४ मध्ये नव्या सरकारने ९ अधिकारप्राप्त मंत्रिगट आणि २१ मंत्रिगट एका फटक्यात बरखास्त केले. त्यामुळे निर्णय लवकर व्हायला लागले असं अनेक अधिकारी मानतात. वेग हवाच, फक्त तो हरकती ऐकून झाल्यावरचा हवा. शिवाय विषयावरही अवलंबून असतं. संरक्षणाची गोष्ट मोठ्या बैठकीत उघड करता येत नाही, ती समितीतच व्हायला हवी. शेती विम्याची मात्र सगळ्यांसमोर व्हायला हवी.

आता निर्णय न पटलेल्या मंत्र्याबद्दल. आत बोलायचं, लिहायचं, आपल्या विभागाचं मत कडक शब्दांत नोंदवायचं. निर्णय झाला की बाहेर तो आपलाच म्हणून सांगायचा. हे ढोंग वाटतं, पण त्याशिवाय सामूहिक जबाबदारी टिकत नाही, कारण लोकसभा एका मंत्र्यावर अविश्वास आणत नाही, सगळ्यांवर मिळून आणते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तेव्हा चांगलं काम केलेले आणि न केलेले सगळेच मंत्री एकदम गेले. अगदीच पटत नसेल तर राजीनामा. १९५० मध्ये पाकिस्तानशी झालेल्या नेहरू-लियाकत करारावरून श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी यांनी राजीनामा दिला. राजीनामा दिल्यावर सभागृहात कारण सांगता येतं, हा फार मोलाचा हक्क आहे. आंबेडकरांची आणि देशमुखांची तक्रार आपल्याला त्यामुळेच कळली. एरवी आत काय घडलं हे गोपनीयतेच्या शपथेत राहतं, आणि अनुच्छेद ७४(२) प्रमाणे राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयही करू शकत नाही.

अजून एक झडप घटनेत आहे. कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. अनुच्छेद ७८(ग) प्रमाणे, एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला आणि मंत्रिपरिषदेने न पाहिलेला निर्णय परिषदेपुढे ठेवा, असं राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात. राज्यात राज्यपालांना हाच अधिकार अनुच्छेद १६७ देतो. म्हणजे घटनाकारांनाही चिंता हीच होती की कागद सगळ्यांनी पाहिला की नाही.

वर्गासाठी एक सुचवते. देशमुखांचं जुलै १९५६ चं निवेदन आणि नेहरूंचं उत्तर लोकसभेच्या छापील कामकाजात आहे. दोन्ही मुलांना वाचायला द्या, अर्ध्या वर्गाला एक बाजू, अर्ध्याला दुसरी. मग त्या मुलीला उभं करा आणि मंत्रिमंडळाच्या एखाद्या ताज्या निर्णयाचं प्रसिद्धिपत्रक हातात देऊन विचारा: वित्त विभागाने यावर काय लिहिलं असेल? तिला लगेच सांगता येणार नाही. तिने अंदाज करून वहीत लिहावा आणि निर्णयाची अंमलबजावणी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तो अंदाज पुन्हा काढून पाहावा. तेव्हा तुम्ही मला कळवलंत तर मला फार आनंद होईल.